पोकळीबाबांची न भरणारी डबी

"ओता! अजून ओता!" पोकळीबाबा म्हणाले आणि लोकांनी आणखी ओतलं.

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग झाला होता की पोस्टमन पत्रं त्याच्यावरच ठेवून निघून गेला. आत सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या टीव्हीकडे वळलेल्या. टीव्हीवर ना क्रिकेट, ना मालिका. होती फक्त एक आडवी पांढरी पट्टी आणि तिच्या डाव्या टोकाला नखाएवढा निळा तुकडा. गेल्या तासाभरात बेकरीवाल्याने त्या पट्टीत आपला अख्खा फोन ओतला होता. शिंपीणबाईंनी नातवाचे नऊशे व्हिडिओ ओतले होते. लाँड्रीवाल्याकडे ओतायला काहीच नव्हतं, पण मागे राहायला नको म्हणून त्याने विजेच्या बिलांचे फोटो ओतले. निळं नख वाढलं नाही ते नाहीच.

"भरतच नाही हो!"

"भरणार कसं? त्याला बूडच नाही म्हणे."

"आमच्या फोनला बूड आहे. रोज लागतं."

सोफ्याच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पोकळीबाबा बसले होते. त्यांच्या पुढ्यात मखमलीच्या तुकड्यावर एक काळी डबी होती, काडेपेटीएवढी. डबीला एक शेपूट होतं आणि ते शेपूट जिन्याखालच्या सर्व्हरला जोडलेलं होतं. डबीची क्षमता पडद्यावर लिहिलेली होती: चौसष्ट टीबी. एवढ्या जागेत, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, एक छोटा देश आपल्या आठवणींसकट मावला असता आणि वर त्याचं लष्करही.

"जागा कमी नसते," बाबा डोळे मिटून म्हणाले. "जागेला तुम्ही नाव देता, म्हणून ती कमी होते. या डबीत वस्तू साठत नाही. विलीन होते."

"विलीन!" जावईबापू पुटपुटले आणि त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन ताई उभी होती. तिच्या पोटात जे दुखत होतं त्याला डॉक्टरांकडे औषध नव्हतं. तिला मत्सर वाटत होता. माणसाचा वाटावा तर एक वेळ ठीक, तिला काडेपेटीचा वाटत होता.

आणि त्याला कारण होतं. अण्णा, म्हणजे ताईचे वडील, अडतीस वर्षं गल्लीचे फोटोग्राफर. गल्लीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, शाळेचा प्रत्येक वर्ग आणि एकदा एका म्हशीचा पहिला नंबर, सगळं त्यांनी टिपलेलं. स्टुडिओ बंद झाल्यावर निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर गेल्या आणि तिथे त्यांना वाळवी लागली. ताई छापखान्यात पानं लावायचं काम करायची. संध्याकाळी घरी आली की वाळवीने सोडलेली एकेक निगेटिव्ह पुसून स्कॅन करायची. अशी चार वर्षं. मूळ निगेटिव्ह हाताळतानाच तुटत होत्या, त्यामुळे अण्णांचं सगळं आयुष्य आता जिन्याखालच्या त्या सर्व्हरच्या खोक्यात होतं. खोक्यात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच लिहिलं जाई, म्हणजे एक मेली तरी दुसरी उभी. ते खोकं ताईने बसवलं, तीच त्याची धूळ पुसायची आणि त्याचा लाल दिवा लागला नाही ना, हे तीच रोज वाकून बघायची.

या चार वर्षांत त्या खोक्याबद्दल घरात एकूण दोन वाक्यं बोलली गेली होती. पहिलं अण्णांचं: "तो पंखा फार आवाज करतो." दुसरं धाकट्या बहिणीचं: "जिन्याखाली आता चपलांना जागाच नाही."

मग पंधरवड्यापूर्वी खरंच लाल दिवा लागला. जागा अठ्ठ्याण्णव टक्के भरली होती. ताईने सगळा रविवार घालून छडा लावला. जावईबापू, म्हणजे धाकटीचे यजमान, दर रविवारी आले की आपला फोन सर्व्हरवर उतरवायचे, तोही दरवेळी नव्या फोल्डरमध्ये, पहिल्यापासून. त्यामुळे त्यांच्या व्यायामाचे तेच ते व्हिडिओ सव्वीस वेळा साठले होते. त्यात ते आरशासमोर दंड फुगवून एक ते दहा मोजत आणि सातवर नेहमी चुकत. शिवाय लोकांनी पुसलेल्या फायली सर्व्हरच्या कचरापेटीत वर्षानुवर्षं पडून होत्या. ती पेटी रिकामी करायची असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

"पंचवीस प्रती काढून टाकू का?" ताईने विचारलं होतं.

"ताई, त्या माझ्या प्रगतीच्या पायऱ्या आहेत," जावईबापू दुखावून म्हणाले आणि पुढच्या रविवारी पोकळीबाबांना घेऊन आले.

आता तेच अण्णा, ज्यांनी चार वर्षांत खोक्याकडे वाकून पाहिलं नव्हतं, त्या डबीसमोर हात जोडून बसले होते. "जावईबापूंनी घरावर उपकार केले," ते गल्लीला सांगत होते. ताईने चहाचा ट्रे जरा जोरातच ठेवला. एक कप विलीन झाला.

डबी तीन दिवस सर्व्हरला लावून ठेवली. अण्णांचे सगळे फोटो तिच्यात उतरले. टीव्हीवर यादी उघडली की सगळ्या फोटोंचे नखाएवढे चौकोन ओळीत हजर. गल्लीतले लोक येत, सोफ्यावरून आपापलं लग्न लांबूनच ओळखत आणि समाधानाने चहा पिऊन जात. त्या गल्लीची रीतच ती. फोटो मोठा करून बघणं म्हणजे अण्णांच्या कामात खोट काढणं. अडतीस वर्षं सगळ्यांनी अल्बम हातभर अंतरावरून पाहिला होता आणि "वा, अण्णा!" म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी बाबांनी पुढचा विधी सांगितला. रविवारी समर्पण. जिन्याखालच्या दोन्ही डिस्क पुसून कोऱ्या करायच्या आणि बाबांच्या हवाली करायच्या. "जुना साठा जवळ असेपर्यंत नवी पोकळी स्थिरावत नाही. पलीकडच्या गल्लीत सात घरांनी समर्पण केलंय. त्यांना विचारा किती हलकं वाटतं."

"पुसायच्या?" ताई म्हणाली. "अण्णा, मूळ प्रत पुसायची? आणि डबी खोटी निघाली तर?"

सगळ्या माना टीव्हीवरून ताईकडे वळल्या. मग धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तू जळतेस."

"जळतेच आहे," ताई म्हणाली. "म्हणून काय विचारू नको?"

"विचार की, बेटी," बाबा प्रेमाने म्हणाले. "एक फाईल उघड. एकच. पोकळीला फार उकरायचं नसतं."

ताईने तावातावाने रिमोट घेतला. यादीत सगळ्यांत वर जो फोटो होता तोच तिने दाबला आणि मोठा केला. स्टुडिओ बंद होण्याआधीचं शेवटचं लग्न, केमिस्टच्या मुलीचं. इतकं स्वच्छ की मागच्या रांगेतल्या काकांची जांभईसुद्धा मोजता यावी.

सगळे हसले. जावईबापू सगळ्यांत जास्त.

"डबी रिकामी आहे, बेटी," बाबा म्हणाले. "भरली आहे ती तुझ्या मनाची डिस्क." आणि समर्पणापर्यंत डबीला विश्रांती हवी म्हणून ते ती खिशात घालून घेऊन गेले.

ताई तडक आत्याकडे गेली. आत्या अण्णांची थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान तिने पिळले होते आणि उरलेले निम्मे त्या आठवणीनेच नीट वागत. ताईने रडत रडत सगळं सांगितलं. त्यात डबीबद्दल थोडं होतं आणि जावईबापूंना दोनदा चहा मिळतो आणि आपल्याला कुणी विचारतही नाही याबद्दल बरंच होतं.

आत्याने ऐकून घेतलं. "तू कोणती फाईल उघडलीस?"

"सगळ्यांत वरची."

"म्हणजे सगळ्यांत शेवटी घातलेली?"

ताईने आठवून पाहिलं. यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली होती. "हो. अगदी शेवटची."

"वा!" आत्या म्हणाली. "म्हणजे मी गठ्ठ्यातला शेवटचा पेपर वाचायचा आणि सगळ्या वर्गाला त्याचे मार्क देऊन टाकायचे. चौतीस वर्षं उगाच चष्मा झिजवला."

ताईचं रडणं थांबलं. मत्सर थांबला नाही, पण त्याला आता काम मिळालं.

रविवारी खोली पुन्हा गच्च भरली. बाबांनी डबी मखमलीवर ठेवली. जावईबापूंनी समर्पणासाठी स्क्रू-ड्रायव्हर आणला होता, तोही मखमलीवर. अण्णांनी नवा शर्ट घातला होता. पण चेहरा असा की मुलीला सासरी पाठवतायत की दवाखान्यात, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

आत्या उभी राहिली. "महाराज, एक इच्छा आहे. डिस्क पुसण्याआधी सगळ्यांचे चेहरे पोकळीत जाऊ देत. वीस जण ओळीत उभे राहतील, प्रत्येकाच्या हातात आकड्याची पाटी. ओळ पाच वेळा फिरेल, शंभर फोटो होतील. पहिला मान अर्थातच तुमचा."

बाबा क्षणभर घुटमळले. पण पहिला मान म्हटल्यावर हात आपोआप केसांवरून फिरला. "घ्या," ते म्हणाले.

पाटी नंबर एक: पोकळीबाबा. दोन: जावईबापू. तीन: बेकरीवाला. दहावी धाकटी, अकरावी आत्या, बारावा लाँड्रीवाला, विसावे अण्णा. वीस झाले की पुन्हा बाबा, एकवीस. फोटो ताई काढत होती. प्रत्येक फोटोला तिने फालतू माहितीचं एक जीबीचं गाठोडं बांधलं, सगळ्यांना अगदी एकाच मापाचं, म्हणजे जागा भराभर खर्च व्हावी. मग शंभर फायली ओळीने डबीत सोडल्या. त्याला दीड तास लागला. तेवढ्या वेळात बाबांनी रितेपणावर प्रवचन दिलं आणि बिस्किटांचे तीन पुडे रिते केले.

"झालं," ताई म्हणाली.

टीव्हीवर शंभर चौकोन उमटले. एक ते शंभर, सगळे जागच्या जागी. टाळ्या. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"थांब रे," आत्या म्हणाली. "पहिला फोटो मोठा करून दाखव गं."

गल्लीला ते जरा असभ्य वाटलं. पण बाईंपुढे बोलणार कोण? ताईने नंबर एकचा चौकोन दाबला.

पडदा भरून आत्या आली. हातात पाटी: एक्क्याण्णव.

मग लाँड्रीवाला हलक्या आवाजात म्हणाला, "महाराज बाईंमध्ये विलीन झाले."

"दोन नंबर," आत्या म्हणाली.

दोन नंबरवर जावईबापू हवे होते. निघाला लाँड्रीवाला, पाटी ब्याण्णव. जावईबापूंनी नकळत आपल्या तोंडावरून हात फिरवून पाहिला.

"पोकळी रुसली आहे!" बाबा उठले. "श्रद्धेची परीक्षा घेतली की—"

"रुसली असती तर उघडलं नसतं," आत्या म्हणाली. "ही उघडतेय आणि तिच्यात मी आहे. एकवीस लाव."

एकवीसवर बाबाच निघाले. "बघा! बघा, मी!" बाबा ओरडले.

"पाटी बघा," ताई म्हणाली. पाटी एक्क्याऐंशीची होती.

"पन्नास."

पन्नासवर धाकटीच्या जागी अण्णा, पाटी ऐंशी. धाकटी आणि अण्णा एकमेकांकडे बघत राहिले.

आत्याने खडू शोधला. तो न मिळाल्याने बोट हवेत उचललं. "एकच्या जागी एक्क्याण्णव. फरक किती?"

"नव्वद, बाई," बेकरीवाला उठून उभा राहत म्हणाला. तो चौपन्न वर्षांचा होता.

"एकवीसच्या जागी एक्क्याऐंशी?"

"साठ!" आता अर्धी खोली.

"पन्नासच्या जागी ऐंशी?"

"तीस!"

"तीस, साठ, नव्वद. आता एकाहत्तर उघड." एकाहत्तर बरोबर निघाला. बहात्तर बरोबर. शंभरापर्यंत सगळे बरोबर. "शेवटचे तीस शाबूत, आधीचे सत्तर गायब. या डबीत चौसष्ट टीबी नाहीत. तीस गाठोडी आहेत, म्हणजे तीस जीबी. एका फोनमध्ये याहून जास्त जागा असते."

"पण ती भरत नाही ना!" जावईबापू रडवेल्या आवाजात म्हणाले.

"कशी भरेल?" ताई म्हणाली. तिने समोरच्या टेबलावर एकाशेजारी एक चार कप ठेवले. "समजा, या डबीत एवढेच कप मावतात. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलंय. कुणी विचारलं, जागा किती, की सांगायचं, चौसष्ट टीबी. पाचवा कप आला की ती नाही म्हणत नाही. पहिला कप गुपचूप उचलून फेकते आणि त्याच्या जागी पाचवा ठेवते. गोल गोल. फक्त नावांची यादी तेवढी ती एका कोपऱ्यात सांभाळून ठेवते, म्हणून यादीत सगळे हजर दिसतात."

"पण फोटोही दिसत होते की! छोटे छोटे!" अण्णा म्हणाले.

"ते डबीतून येतच नव्हते, अण्णा. फोटो डबीत जाताना आपला सर्व्हर त्याचा एक नखाएवढा नमुना काढतो आणि स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. टीव्हीवर तुम्ही तीन दिवस जिन्याखालच्या खोक्याचं काम बघत होता. आणि टाळ्या डबीला." शेवटच्या वाक्याची खरं तर गरज नव्हती, पण ते चार वर्षं वाट बघत होतं.

बाबा दाराकडे सरकले. पण बाहेर चपलांचा ढीग होता आणि त्यात त्यांची चप्पल तळाशी होती. ती शोधेपर्यंत केमिस्ट त्यांच्या गाडीपाशी पोचला. डिकीत चौदा डिस्क निघाल्या, नावाच्या चिठ्ठ्या ओरबाडलेल्या, पुसून कोऱ्या केलेल्या, बाजारात विकायला तयार. खोटी डबी द्यायची आणि खरी डिस्क न्यायची, एवढाच त्यांचा अध्यात्माचा व्यवहार. गल्लीने त्यांना डिकीसकट पोलीस ठाण्यात पोचवलं.

तेव्हा शिंपीणबाई पुढे आल्या. हातात फोन होता. "ताई, माझे व्हिडिओ बघ ना. बाळाचं पहिलं पाऊल आहे त्यात. मी फोनमधून पुसले. हलकं वाटेल म्हणाले ना ते."

ताईने डबीतला पहिला व्हिडिओ दाबला. उघडला नाही. दुसरा नाही. नऊशेपैकी एकही नाही. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावरून कुठल्या कुठे गेला. तिने सर्व्हरवर शोधलं, कचरापेटी उपसली. शेवटी निघाले ते सर्व्हरने काढून ठेवलेले नऊशे नमुने, नखाएवढे, न हलणारे. त्यातल्या एकात बाळ टेबल धरून उभं होतं. पाऊल उचललं होतं की टेकलं होतं ते कळत नव्हतं.

शिंपीणबाई त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसल्या. कुणी "वा" म्हटलं नाही.

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, मग जिन्याखाली जाऊन गुडघ्यांवर बसले. "या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती ना?"

"नाही, अण्णा. एकीवर पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं. हा आरसा आहे, प्रत नाही. तिसरी डिस्क हवी, ती दुसऱ्या घरात ठेवलेली. महिन्यातून एकदा आणून तिच्यावर सगळं उतरवून घ्यायचं, आणि उतरवलं की फाईल उघडून बघायची. शेवटची नाही. कुठलीही. मधलीच, पहिलीच."

"आत्याकडे ठेवू," अण्णा म्हणाले. "मी नेऊन देईन." मग खोक्यावरून बोट फिरवत, "पंख्याचा आवाज तसा फार नाही येत."

त्या आठवड्यात गल्लीभर आत्याचीच वाहवा झाली. बाईंनी पकडलं, बाईंचं गणित, बाई म्हणजे बाई. ताईच्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं.

जावईबापू पुढच्या रविवारी आले ते मान खाली घालून. त्यांनी स्वतः बसून पंचवीस प्रती पुसल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. जाताना म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही खरंच मत्सरापोटी तपासलंत ना?"

"हो," ताई म्हणाली. "अगदी पोटभर."

आणि यातच या गोष्टीचं सगळं सार आहे. गल्लीने ताईचा प्रश्न ऐकला नाही, कारण ती जळते हे सगळ्यांना दिसत होतं. ते खरंही होतं. पण शंभर पाट्यांना ताईच्या पोटातलं काही माहीत नव्हतं. एकच्या जागी एक्क्याण्णव निघाला तो ती जळत होती म्हणून नव्हे, आणि तिने मनापासून नमस्कार केला असता तरी तिथे एक निघाला नसता. तेव्हा उद्या तुमच्या दारात कुणी न भरणारं, न संपणारं, न चुकणारं काही घेऊन आलं आणि घरातलं एखादं माणूस तोंड वाकडं करून शंका काढू लागलं, तर ते का विचारतंय याचा शोध नंतर घ्या. आधी पहिली फाईल उघडा.